बहीण बाळंतपणानंतर दवाखान्यातून माहेरी आली आहे. घरी कशाकडे लक्ष द्यावे आणि पुन्हा दवाखान्यात कधी न्यावे?

आपण लिहिले आहे की बहिणीचे पहिले बाळंतपण उपजिल्हा रुग्णालयात सुखरूप झाले, तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली आणि आता आई व आजी शेगडी, गुटी, कमी पाणी यांचा आग्रह धरत आहेत. मी परभणी जिल्ह्यातील एका उपकेंद्रात चोवीस वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी एक काम आजच करा. गावातील आशाताईंना बहीण घरी आल्याचे कळवा आणि तिचे माता व बाल संरक्षण कार्ड दाखवा. गरोदरपणाची नोंद बहुधा सासरच्या गावी झालेली असते. पोरगी माहेरी आली की तिकडच्या वहीत ‘माहेरी गेली’ एवढेच लिहिले जाते आणि इकडे तिचा कुणाला पत्ता नसतो. उसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर हे फारच घडते. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी आशाताईंनी द्यायच्या असतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतल्याने बालमृत्यू किती कमी होतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिले आहे. त्यामुळे या भेटी केवळ कागदोपत्री आहेत असे समजू नका.

आता बहिणीविषयी. अंगावरून जाणे दिवसागणिक कमी व्हायला हवे. तासाभरात कापडाची घडी पूर्ण भिजत असेल, गाठी पडत असतील, स्रावाला दुर्गंधी असेल किंवा थंडी वाजून ताप येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. मात्र माझ्या अनुभवात लोक सर्वांत जास्त फसतात ते डोकेदुखीवर. एका घरी सहाव्या दिवशी गेले, तेव्हा बाळंतीण अंधाऱ्या खोलीत कानांना घट्ट फडके बांधून बाजेवर पडली होती. घरच्यांनी ‘बाळंतवात’ म्हणून शेक वाढवला होता. तिने हळूच सांगितले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. रक्तदाब मोजला तर १७० वर ११० होता. १०८ बोलावली, आकडीचा झटका आला तो रुग्णालयात पोहोचल्यावर, जिथे इंजेक्शन हाताशी होते, म्हणून ती वाचली. गरोदरपणात रक्तदाब वाढलेला नसला तरी बाळंतपणानंतर तो वाढू शकतो. म्हणून तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे याला कधीही वात म्हणू नका.

बाळासाठी आपला हातच पुरेसा आहे. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि तळपाय गार असतील तर बाळाला थंडी लागली आहे. त्याला लगेच आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. दोन्ही गार असतील तर तसेच छातीशी धरून दवाखाना गाठा. बाळ नीट ओढत नसेल, मलूल असेल, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला असेल, तरीही तेच करा.

आईला आणि आजीला दुखवू नका, कारण त्यांचे बरेचसे बरोबर आहे. आजींचा सव्वा महिना आणि आमचे ४२ दिवस जवळजवळ एकच आहेत. डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, दूध-भाकरी सगळे खाऊ द्या. पाणी मात्र तोडू नका. अंगावर पाजणाऱ्या बाईला ते अधिकच लागते. ऊब हवी, पण बंद खोलीतला शेगडीचा धूर दोघांनाही घातक आहे. गुटी, मध, साखरपाणी नको. सहा महिने फक्त अंगावरचे दूध. नाळेवर तेल, हळद, राख काहीही लावू नये. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. दवाखान्याच्या पिशवीत त्या तशाच राहिलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत, म्हणून आजच ती पिशवी उघडून पाहा.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात बाळंतिणीचे उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत आहे, आणि आजारी बाळासाठीही एक वर्षापर्यंत ही सोय आहे.

दीड महिन्याच्या लसीकरणाला बाळाला न्याल, तेव्हा बहिणीलाही तपासून घ्या. त्या दिवशी सगळे बाळाच्या मांडीवरच्या सुईकडे पाहत असतात आणि आई भिंतीला टेकून उभी असते. तिचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि टाके पाहायला आपणहून सांगा. आणि पाळणा लांबवण्याच्या साधनांविषयी तिला सेविकेशी एकटीने बोलता येईल एवढा वेळ द्या.