युद्ध पेटल्यावर जुळत आलेल्या संबंधांचे काय होते?

प्रश्न : कधी ‘राजदूताला माघारी बोलावले’ असे वाचतो, कधी ‘संबंध तोडले’. दोन्ही एकच का?

उत्तर : नाही. राजदूताला ‘सल्लामसलतीसाठी’ बोलावणे ही सौम्य पायरी. वकिलात उघडीच राहते आणि तिचा कारभार प्रभारी अधिकारी पाहतो. राजदूत नेमायचाच नाही असे ठरले, की संबंधांचा दर्जा उतरतो. संबंधविच्छेद ही शेवटची पायरी. पण तेव्हाही १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार वकिलातीची इमारत आणि दप्तर यांचे रक्षण यजमान देशाला करावेच लागते, मग युद्ध चालू असले तरी.

प्रश्न : ऑक्टोबर २०२३ पासून गाझात एवढा संहार झाला. तरी इजिप्त आणि जॉर्डनने इस्रायलशी संबंध का तोडले नाहीत?

उत्तर : करार मोडला तर हातचे काय जाईल, याचा हिशेब दोघांनाही करावा लागतो. इस्रायलशी झालेल्या १९७९ च्या शांतता करारामुळे इजिप्तला इस्रायलच्या ताब्यात गेलेले सिनाई द्वीपकल्प परत मिळाले. तिथे कोणी किती सैन्य ठेवायचे हे त्याच करारात ठरले आहे. तो मोडला तर संपूर्ण सरहद्द पुन्हा लष्करी प्रश्न होऊन बसेल. म्हणून इजिप्त आपला राग राजदूतामार्फत व्यक्त करतो. लेबनॉनमधील साब्रा-शातिला या पॅलेस्टिनी छावण्यांतील हत्याकांडानंतर १९८२ मध्ये, दुसऱ्या इंतिफादात (पॅलेस्टिनी उठावात) २००० मध्ये आणि गाझावरील हल्ल्यांच्या वेळी २०१२ मध्ये त्याने राजदूत मागे घेतला. करार मात्र कायम राहिला. जॉर्डननेही १ नोव्हेंबर २०२३ रोजी राजदूताला बोलावले. इस्रायलशी झालेल्या १९९४ च्या शांतता करारात पाण्याचा वाटा आणि जेरुसलेममधील इस्लामी पवित्र स्थळांबाबत जॉर्डनच्या हाशमी राजघराण्याची भूमिका, दोन्ही आहेत. ते सोडणे जॉर्डनला परवडणारे नाही. नवी सही मात्र थांबली. इस्रायलला वीज देऊन पाणी घेण्याच्या ठरत आलेल्या करारावर सही करणार नसल्याचे जॉर्डनने त्याच महिन्यात जाहीर केले.

युद्धाचा पहिला घाव बसतो तो अशा अर्धवट कामांवर.

प्रश्न : म्हणजे पूर्ण झालेले संबंध सुरक्षित असतात?

उत्तर : तसे गृहीत धरू नये. मॉरिटानियाने १९९९ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, गाझातील युद्धामुळे जानेवारी २००९ मध्ये गोठवले आणि पुढच्या वर्षी तोडले. दोघांत ना सामायिक सीमा, ना पाण्याची वाटणी. देशात संताप उसळला तेव्हा तोडण्यापासून रोखणारे काहीच नव्हते. हलकी नाती आणखी लवकर तुटतात. ओमान, ट्युनिशिया आणि मोरोक्को यांनी इस्रायलशी संपर्कासाठी उघडलेली कार्यालये ऑक्टोबर २००० या एकाच महिन्यात बंद केली.

प्रश्न : इस्रायलशी संबंध जोडण्याची सौदी अरेबियाची बोलणी कुठे अडली?

उत्तर : किमतीवर. सप्टेंबर २०२३ मध्ये युवराज मोहम्मद बिन सलमान अमेरिकी वाहिनीला सांगत होते, की आपण रोज थोडे जवळ येत आहोत. तेव्हा चर्चेत होते अमेरिकेशी संरक्षण करार आणि नागरी अणुकार्यक्रम. पॅलेस्टाइनचा प्रश्न मागच्या बाकावर गेला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच युवराजांनी शूरा या सौदी सल्लागार परिषदेत स्पष्ट केले, की पूर्व जेरुसलेम राजधानी असलेले पॅलेस्टिनी राष्ट्र झाल्याशिवाय संबंध नाहीत. खरे तर ही अट २००२ च्या बैरूत येथील अरब शांतता प्रस्तावातलीच. युद्धाने ती पुन्हा पहिल्या ओळीत आणली, आणि आमच्या मते ती मुळात तिथेच असायला हवी होती. हजारो माणसे मेल्यावर ती आठवावी लागली, हे फार क्लेशकारक आहे.

प्रश्न : युद्धामुळे शत्रू जवळ आल्याचे उदाहरण आहे का?

उत्तर : आहे, पण अशा समेटाला वर्षे लागतात. १९७३ च्या युद्धानंतर इजिप्त आणि इस्रायल यांच्यात आधी सैन्य मागे घेण्याचे दोन करार झाले, १९७४ आणि १९७५ मध्ये. नोव्हेंबर १९७७ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात जेरुसलेमला गेले, सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडची बोलणी झाली आणि मार्च १९७९ मध्ये शांतता करार. इजिप्तला त्यासाठी दहा वर्षे अरब लीग या अरब देशांच्या संघटनेबाहेर राहावे लागले. हा क्रम जमला, कारण लढणारी दोन्ही राष्ट्रे होती आणि परत देण्याजोगी जमीन समोर होती. गाझात एका बाजूला राष्ट्रच नाही. युद्धविराम हमास या सशस्त्र संघटनेशी होऊ शकतो, पण त्यापुढच्या शांतता करारावर पॅलेस्टिनींच्या वतीने सही कोणी करायची, इथे पुढची पायरी अडते.