मोबाइलवर शूट करताना चेहऱ्यावर उजेड कुठून घ्यावा?

तुमचा प्रश्न असा, की घरातल्या प्रसंगात म्हातारा शेतकरी खिन्न दिसायला हवा, पण भरपूर उजेड करूनही त्याचा चेहरा कोराच का दिसतो? माझ्या मते आधी ती ट्यूबलाइट बंद करा.

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावी असाच प्रसंग आम्ही सपरीत (ओसरीत) घेतला. समोरच्या ट्यूबने आबांच्या सुरकुत्याच बुजून गेल्या. ती बंद केली आणि त्यांना दाराशी आडवं बसवलं, तेव्हा अर्धा चेहरा उजेडात आला, अर्धा काळोखात राहिला. तोंडातून शब्द न काढता माणूस काहीतरी मनात दाबून बसलाय, हे लगेच कळायला लागलं. काळोख फारच वाटला तर त्या बाजूला पांढरं धोतर ताणून धरा. जवळ आणाल तसा चेहरा मवाळ होतो, मागे न्याल तसा करडा. मी सगळ्यात जास्त वेळ या धोतरावर घालवतो, कारण आबा कसे आहेत हे तिथेच ठरतं.

छायालेखक सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) हेच केलं होतं. बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारलेला. त्यावर कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावरून खाली परतवला. चौकात आभाळातून झिरपतो तसा मऊ उजेड मिळाला.

बल्बच्या बरोबर खाली मात्र बसवू नका. ‘द गॉडफादर’मध्ये (१९७२) छायालेखक गॉर्डन विलिस यांनी उजेड वरून टाकला, त्यामुळे मार्लन ब्रँडोच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या. तिथे ते हवंच होतं. तुमचा शेतकरी त्याने खिन्न नाही, भीतिदायक वाटेल.

घर कवेलूचं (कौलारू) असेल तर कवडसा सोडू नका. ‘कागज के फूल’मधल्या (१९५९) उन्हाच्या प्रसिद्ध झोतासाठी छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत आणलं होतं. आम्ही घरातलाच आरसा अंगणात टेकवला, चुलीचा थोडा धूर होऊ दिला आणि झोत डोळ्यांना दिसायला लागला. ऊन सरकतं, म्हणून आरशापाशी एक पोरगा बसवून ठेवा.

आणि शूटआधी चेहऱ्याच्या उजळ बाजूवर बोट दाबून एक्स्पोजर, म्हणजे फोन किती उजेड घेतो ते, लॉक करा. नाहीतर तुम्ही जपून ठेवलेला काळोख फोन आपणच उजळून टाकतो.