पीएचडीचं पाचवं वर्ष, आणि पेपर?

"सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडीचं पाचवं वर्ष चालू आहे. एका पेपरवर मधेच कुठेतरी नाव आहे, पहिल्या नावाचा एकही नाही. शेजारच्या बेंचवरच्या मुलाचे पाच झाले. आई दर फोनला विचारते, कधी संपणार? माझं करिअर बसलं का?"

पुण्यात पाषाणला राहणाऱ्या एका संशोधक मुलीचा हा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था आणि विद्यापीठ एकाच शहरात असल्यावर असे प्रश्न माझ्याकडे येतच राहतात.

आधी तुलनेचा निकाल लावला. शेजारच्या मुलाचं काम मेथडॉलॉजीचं, म्हणजे नवी अभिक्रिया शोधण्याचं. एक अभिक्रिया नीट बसली की पंचवीस-तीस सबस्ट्रेट्स (सुरुवातीचे रेणू) चालवायचे आणि पेपर लिहायला घ्यायचा. हिचं टोटल सिंथेसिस, म्हणजे साध्या रसायनांपासून एक गुंतागुंतीचा रेणू बांधण्याचं, सलग १५ पायऱ्यांचं. प्रत्येक पायरीला ८० टक्के यील्ड (उत्पादन) मिळालं तरी शेवटी हातात साडेतीन टक्के उरतात. चौदावी पायरी फसली की पुन्हा पहिलीपासून माल ओढत आणायचा. वुडवर्ड आणि एशेनमोझर या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांना बी-१२ जीवनसत्त्वाच्या संश्लेषणासाठी दशकाहून जास्त काळ लागला होता. हे तिला पाठ होतं. आईला कोणी सांगितलं नव्हतं.

पण सगळाच दोष विषयाचा नव्हता. पुढच्या भेटीला तिला एक तक्ता करून आणायला सांगितला: प्रत्येक संयुगाला एक ओळ, त्यापुढे नोटबुकचं पान, प्रोटॉन एनएमआर आणि कार्बन एनएमआर (रेणूची रचना दाखवणारे स्पेक्ट्रम), एचआरएमएस (अचूक रेणुभार), विशिष्ट वलन (ध्रुवित प्रकाश किती वळतो ते). रकाने भरताना दुखणं सापडलं. रेणू तयार होते, पुरावा अर्धवट होता. काहींचे कार्बन स्पेक्ट्रम दोन-तीन मिलिग्रॅमवर घेतलेले, चतुर्थक कार्बन (हायड्रोजन नसलेले, म्हणून क्षीण दिसणारे) गोंगाटात बुडालेले. १५-२० मिलिग्रॅम घेऊन रात्रभर स्कॅन लावले असते तर दिसले असते. एक अल्डिहाइड फ्रीजमध्ये राहून आम्ल झालेलं. एचआरएमएस तर 'शेवटी एकदम देऊ' म्हणून राहिलेले.

एका स्पेक्ट्रमवर बराच वेळ गेला. क्लोरोफॉर्म-डी या द्रावकात घेतलेल्या प्रोटॉन एनएमआरमध्ये ४.१२ ला क्वार्टेट (चार रेषांचा संकेत), २.०५ ला सिंगलेट (एका रेषेचा), १.२६ ला ट्रिपलेट (तीन रेषांचा): म्हणजे शुद्धीकरणाच्या कॉलममधून मालात उरलेलं इथाइल ॲसिटेट हे द्रावक. क्वार्टेटचं इंटिग्रेशन (संकेताखालचं क्षेत्रफळ) रेणूच्या एका प्रोटॉनच्या निम्मं. क्वार्टेट दोन प्रोटॉन्सचा, म्हणून रेणूच्या एका मोलमागे पाव मोल द्रावक. रेणुभार ३५२, त्यात २२ ची भर. वजनात सुमारे सहा टक्के द्रावक. नोटबुकातलं ८५ टक्के यील्ड प्रत्यक्षात ८०. रिव्ह्यूअरला हे दिसतंच, आणि मग तो बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. उपाय साधा: डायक्लोरोमिथेन घालून रोटावर (द्रावक उडवण्याच्या यंत्रावर) दोन-तीनदा उडवायचं, मग हाय व्हॅक्यूमवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचं आणि स्पेक्ट्रम नव्याने घ्यायचा.

गाइडकडे 'पेपर कधी?' विचारत जाण्यापेक्षा हा तक्ता घेऊन जायला सांगितलं. सोबत एक प्रस्तावही: मधली सात पायऱ्यांची चौकट, तिच्यातली कळीची रिंग-क्लोजिंग (वलय जोडणारी पायरी) आणि सात-आठ ॲनालॉग्स (तसेच थोडे बदललेले रेणू), एवढ्याचा स्वतंत्र पेपर. संपूर्ण रेणूसाठी थांबायचं कारण नाही. सर्वसाधारणपणे गाइडनाही 'काय उरलंय' याचा कागद हवा असतो, पण तो मागायला सवड नसते.

नियमांचं थोडक्यात: यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंधाआधी पेपर छापलेलाच हवा ही सक्ती उरलेली नाही, पण संस्था स्वतःची अट ठेवू शकते. ती आपल्या विभागातून लेखी घ्यावी, कँटीनमधल्या माहितीवर जाऊ नये.

पोस्टडॉकसाठी पहिल्या नावाचा एक भक्कम पेपर आणि गाइडचं मनापासूनचं पत्र लागतं. औषध कंपनीच्या आर अँड डीत मात्र पेपर मोजण्याआधी वेगळंच विचारतात: विटिग अभिक्रियेनंतर उरणारं ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड हे उपउत्पादन कॉलम न लावता कसं काढाल? इथेनॉलमध्ये झिंक क्लोराइड घालून ते खाली बसवायचं आणि गाळायचं, हे ती प्रयोगशाळेत नेहमी करत होती. बायोडेटात त्याचा एक शब्द नव्हता. स्केल, पायऱ्या, एकूण यील्ड आणि अशी शुद्धीकरणं आता पहिल्या पानावर घ्यायची आहेत. प्रकाशनांची यादी दुसऱ्या पानावर गेली तरी चालेल.