अणू, रेणू आणि कशाचे मोल?

प्रश्न असा आहे: ‘मराठी पुस्तकात पाण्याच्या लहानात लहान कणाला रेणू म्हणतात, हिंदी व्हिडिओत त्यालाच अणु म्हणतात. बरोबर कोणतं? आणि रसायनशास्त्रातलं मोल म्हणजे आपलं किमतीचंच मोल का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही बरोबर, आपापल्या घरी. हिंदीतला परमाणु तो मराठीतला अणू आणि हिंदीतला अणु तो मराठीतला रेणू. सगळी शिडी एका पायरीने सरकलेली आहे. म्हणून तिकडे परमाणु बम आणि इकडे अणुबॉम्ब. मराठी माध्यमातून आलेली मुलं हिंदी व्हिडिओ लावतात तेव्हा नेमकी इथेच अडखळतात, आणि चूक त्यांची नसते.

दोन्ही भाषांनी शब्द घेतले ते एकाच जुन्या पेटीतून. संस्कृतात अणु म्हणजे मुळात ‘बारीक’. बारकातला बारीक तो परमाणु. वैशेषिक दर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका शाखेत, परमाणु अविभाज्य. दोन परमाणूंचं मिळून द्व्यणुक, आणि तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू. हा त्रसरेणू कुठे दिसतो? झरोक्यातून आत आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना. रेणू म्हणजे धुळीचा कणच. हिंदीने ‘परम’ला महत्त्व दिलं, मराठीने ‘रेणू’ला. मला मराठीची निवड जास्त आवडते, कारण उच्चारात दोन्ही शब्द स्वच्छ वेगळे राहतात. परमाणु आणि अणु घाईत एकमेकांत मिसळतात. शिवाय ‘अणुरेणू’ ही जोडी मराठीला नवी नव्हती. तुकोबांच्या अभंगात ती सतराव्या शतकातच आहे, फक्त तिथे अर्थ रसायनातला नाही, निव्वळ ‘अतिसूक्ष्म’ एवढाच.

आता मोल. किमतीचं मोल ‘मूल्य’वरून आलं. रसायनातलं मोल जर्मनमधून आलं: रेणूला तिकडे ‘मोलेक्यूल’, त्याचं रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेलं लघुरूप ‘मोल’. मोलेक्यूलच्या मुळाशी लॅटिन ‘मोलेस’ आहे. त्याचा अर्थ ढीग, मोठा गोळा. मोलेक्यूल म्हणजे चिमुकला गोळा. गंमत अशी की शब्द कापून लहान केला आणि अर्थ परत ढिगापाशी गेला. आपल्या मोलाशी त्याचं नातं शून्य.

एक मोल म्हणजे केवढा ढीग? ६०२२ लिहून पुढे २० शून्यं, साधारण इतके कण. आपल्या जुन्या संख्यानामांत परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. त्या हिशोबाने सुमारे ६० लाख परार्ध! पूर्वी व्याख्या होती ‘१२ ग्रॅम कार्बन-१२मध्ये जितके अणू, तितके कण’ (कार्बन-१२ हा कार्बनचा एक प्रकार). २० मे २०१९ पासून वजनाचा आधार सोडून आकडाच कायमचा ठरवून टाकला आहे.

म्हणजे अणू आणि रेणू ही वस्तूंची नावं, मोल हा मोजणीचा शब्द. डझनसारखा. ‘एक डझन द्या’ म्हटलं की समोरचा विचारणारच, कशाचा? ‘एक मोल ऑक्सिजन’ हा तसाच अर्धवट शब्दप्रयोग आहे. ऑक्सिजनचे एक मोल अणू म्हणजे १६ ग्रॅम, एक मोल रेणू म्हणजे ३२ ग्रॅम, कारण त्या रेणूत दोन अणू. परीक्षेतली निम्मी गणितं इथेच चुकत असावीत, असा माझा संशय आहे. पाणी घ्या: १८ ग्रॅम, लहान चमच्याने साडेतीन चमचे. त्यात पाण्याचे रेणू एक मोल, पण अणू तीन मोल: हायड्रोजनचे दोन, ऑक्सिजनचा एक.

जुन्या लेखनात मोलऐवजी ‘ग्रॅम-रेणू’ सापडतो. दिसायला देशी, पण अडचणीचा. मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीनचे आयन (विद्युतभार असलेले कण) जाळीसारखे रचलेले असतात, त्यात सुटा रेणू नसतोच. मग ५८.५ ग्रॅम मिठाला ग्रॅम-रेणू कसं म्हणायचं? मोल म्हणता येतं, कारण मोल कशाचंही असतं, इथे सूत्र-एककांचं, म्हणजे सोडियम-क्लोरीनच्या एकास एक जोड्यांचं.

लेखनाचं थोडक्यात: सुटे शब्द दीर्घ (अणू, रेणू), समासात पहिलं पद ऱ्हस्व (अणुऊर्जा, रेणुसूत्र). ‘अणूचा’, ‘रेणूंची’ मात्र दीर्घच, तिथे समास नाही. दोन्ही शब्द पुल्लिंगी. मोल मापाचं नाव असल्यामुळे अनेकवचनातही तसंच: दोन लीटर, दोन मोल. प्रत्यय लावताना मी ‘एका मोलमध्ये’ असं लिहितो. ‘मोलात’ व्याकरणाने चुकीचं नाही, पण ‘दोन मोलाचं मीठ’ असं लिहिलं की वाचणारा वजन सोडून भाव विचारू लागतो.