वडिलांच्या पश्चात आईला कागदपत्रांसाठी धावपळ करावी लागू नये, यासाठी आत्ता काय करून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की वडील 76 वर्षांचे आहेत. खानापूरजवळ वडिलोपार्जित शेत, बेळगावात त्यांनी स्वतः बांधलेलं घर, दोन-तीन सहकारी पतसोसायट्यांत ठेवी आणि महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आजीच्या माहेरकडून आलेला जमिनीचा तुकडा. तुम्ही पुण्यात, बहीण हुबळीत. मी बेळगावातल्या एका सोसायटीत ठेवींचं काउंटर सांभाळते. दिवसकार्य आटोपलं की घरची माणसं कागद घेऊन आमच्याकडे येतात, त्यामुळे नेमकं कुठे अडतं ते रोज बघते.

सगळे आधी मृत्युपत्राचं विचारतात. ते करायचंच, पण त्याआधी वडिलांचं नाव प्रत्येक कागदावर कसं लिहिलंय ते बघा. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. ठेवीच्या पावतीवर नवऱ्याचं नाव बाळू, आधारवर बाळकृष्ण, मृत्यूच्या दाखल्यावर बाळाप्पा. पावती घडीवर चिरलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली. दाखल्यावरचं नाव दवाखान्यात रात्रभर धावपळ करणाऱ्या पुतण्याने सांगितलं होतं, घरात हाक मारायचे तेच. ही तिन्ही नावं एकाच माणसाची, हे सिद्ध करण्यासाठी त्या बाईंना अफिडेव्हिट आणि साक्षीदार गोळा करत हिंडावं लागलं, तेही कपाळावरचं कुंकू पुसून महिना झाला नव्हता तेव्हा.

आपल्या भागात हे जास्त होतं. 1956 पूर्वी आपण मुंबई राज्यात होतो, आता कर्नाटकात आहोत, त्यामुळे कित्येक घरांतले जुने कागद मराठीत, आताचा उतारा कन्नडमध्ये आणि आधार-पॅन इंग्रजी स्पेलिंगचं. वडील हयात आहेत तोवर ही दुरुस्ती त्यांच्या स्वतःच्या अर्जावर आणि सहीवर होते. नंतर तीच गोष्ट सगळ्या वारसांना मिळून सिद्ध करावी लागते. म्हणून आरटीसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्याचा, ताजा उतारा काढा, कन्नड वाचता येणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. नवव्या रकान्यात मालक म्हणून कोणाकोणाचं नाव आहे? आजोबांचं अजून तसंच असेल तर पौती खात्याचं, म्हणजे मृताच्या जागी वारसांची नावं लावण्याचं काम आत्ताच हाती घ्या, दोन पिढ्यांचे वारस एकदम लावायची वेळ आईवर येऊ देऊ नका. अकराव्या रकान्यात पीकेपीएसच्या (गावच्या शेती पतसंस्थेच्या) किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा दिसतो. कर्ज फिटलेलं असूनही बोजा तसाच असेल तर तोही कमी करून घ्या. आणि वडिलांच्या आधारचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या, म्हणजे दवाखान्यात नाव सांगताना चूक होणार नाही.

ठेवींचं सोपं आहे, पण तेच राहून जातं. लग्नाआधी खातं उघडलेलं असतं, नॉमिनी म्हणून खातेदाराच्या आईचं नाव, आणि ती आई जाऊन वीस वर्षं झालेली असतात. प्रत्येक पावतीवरचा नॉमिनी तपासा. नॉमिनीला पैसे मिळतात ते बहुतेक ठिकाणी सर्व वारसांच्या वतीने, तो एकटा मालक होत नाही. बँकांत 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात. सोसायट्यांचे नियम वेगळे, ते तिथेच विचारा. तुमच्या आईच्या स्वतःच्या नावावर मात्र पाच-सहा महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे असायलाच हवेत.

आता मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, त्यांनी वडिलांना सही करताना पाहिलेलं असावं आणि त्यांनीही सह्या कराव्यात. साक्षीदार ज्यांना काही मिळणार नाही असे, शक्यतो वडिलांपेक्षा लहान वयाचे घ्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी सब-रजिस्ट्रारकडे करून घ्याच, वय बघता डॉक्टरांचा दाखलाही जोडा. मराठीत लिहिलेलं चालतं. नोंदणीला कन्नड भाषांतर लागेल का, ते आधी विचारून घ्या. वडिलांना न समजणाऱ्या भाषेतल्या मजकुरावर त्यांची सही घेऊ नका. घर त्यांनी स्वतः बांधलंय, ते हवं त्याला देता येईल. वडिलोपार्जित शेतात मात्र फक्त त्यांच्या हिश्शापुरतंच लिहिता येतं. चंदगडच्या जमिनीचा उल्लेख गट नंबरासह वेगळा करा. पुढे तिची वारस नोंद तिथल्या तलाठ्याकडे होऊन फेरफार निघेल, सातबारा बदलेल. इकडचं, कर्नाटकातलं काम नाडकचेरी (स्थानिक महसूल कार्यालय) आणि तहसीलदार कार्यालयातून. एकीकडे झालं म्हणून दुसरीकडे आपोआप होत नाही.

शेवटचं तुमच्या बहिणीबद्दल, कारण तुम्ही विचारलंय की तिची सही आधीच घेऊन ठेवू का. नका घेऊ. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका हक्क आहे. 2005 साली वडील हयात असण्याचीही अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. मृत्युपत्र नसेल तर घरातही आई, तुम्ही आणि ती यांचा सारखा हिस्सा. तरीही बाराव्या-तेराव्याला, पाहुणे अजून ओसरीवर असताना, लेकीपुढे हक्कसोडीचे कागद सरकवले जातात. ती रडत सही करते आणि पुढे दहा वर्षं माहेरी पाऊल टाकत नाही. हे फार वाईट आहे आणि टाळता येण्यासारखं आहे. वंशावळीत तिचं नाव गाळून काम उरकणारेही भेटतील, त्यांचं ऐकू नका, पुढे कोर्टात सगळंच अडकतं. तिला हक्क सोडायचाच असेल तर तिने आपला वकील पाहून, सवडीने, नोंदणी करून सोडावा.

वडिलांपाशी विषय काढताना मृत्युपत्रापासून सुरुवात करू नका. उताऱ्यावरचं नाव दुरुस्त करायचंय, एवढंच म्हणा. त्या वयाची माणसं जमिनीच्या कागदावर बसली की आपणहून बोलू लागतात, कुणाला काय द्यायचं तेही सांगतात. गणपतीला गावी याल तेव्हा दीड दिवसाची घाई न करता चार दिवस काढून या, आणि बहिणीलाही तेव्हाच बोलवा, म्हणजे वडील जे सांगतील ते ती स्वतःच्या कानांनी ऐकेल.