गोगलगायीच्या कोड्याबद्दल

अरे,

तुझं कोडं आणि सोबतची लांबलचक चिठ्ठी मिळाली. गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल आत जाणारी घरांची वाट, आणि तीच घरं उलट वाचत बाहेर आलं की वेगळे शब्द, असं हे शब्दकोडं. आधी कोडं सोडवलं, मग चिठ्ठी वाचली. एकच प्रश्न तू चार तऱ्हांनी विचारलायस. मित्र म्हणतात फार अवघड, काका म्हणतात पेपरात येतं तसं काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं कर, असली तऱ्हेवाईक शब्दकोडी मराठीत सोडवणार कोण, मग सोपं करू का?

सोपं-अवघड राहू दे बाजूला. मला एवढंच सांग : उत्तर सापडल्यावर ते बरोबर आहे हे सोडवणाऱ्याला तुझ्याकडे न येता कळतं का?

तुझ्या कोड्यात एका जागी कळत नाही. वाट आत जाताना तू 'नदी' घेतलीस. बाहेर येताना त्याच दोन घरांना क्लू दिलास 'दिवस', म्हणजे तुला 'दिन' हवंय. पण नदीतली दी दीर्घ आहे. उलट वाचलं की 'दीन' होतं, गरीब बिचारा. सोडवणारा तिथे अडतो. त्याला वाटतं आपली नदीच चुकली. ती खोडतो, मग तिच्या मागचा बरोबर आलेला शब्दही खोडतो. 'एवढी वेलांटी कोण बघतं' असं तू चिठ्ठीत लिहिलंयस. मी बघते. नारायण पेठेतल्या छापखान्यात माझी सगळी नोकरी मुद्रितं तपासण्यात गेली, म्हणून नाही. कोड्यातल्या त्या एका घरावर सोडवणारा पुढची पाच घरं उभी करतो, म्हणून. 'चिमा काय कामाची' हे उलटसुलट सारखंच, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ, पण तोंडी गमतीत ते खपून जातं. कोड्यात नाही खपत. 'गरीब' असा क्लू दे, प्रश्न मिटला. दोन मिनिटांचं काम होतं रे ते!

आता त्याच कोड्यातली तुझी पाच घरं बघ : र, स, द, र, व. आत जाताना 'रसद' आणि 'रव'. बाहेर येताना 'वरद' आणि 'सर'. शब्द तुटण्याची जागा दोन्ही वाटांनी वेगळी आहे, म्हणून एक बाजू सुटली तरी दुसरी आयती मिळत नाही. कोणी घाईत 'रसत' लिहिलं तर परतीचा 'वरत' त्याला लगेच सांगतो की थांब. प्रत्येक अक्षराला दोन साक्षीदार आहेत. हे वाचून मी जागची उठले आणि खोलीभर फिरले. ज्याला हे जमतं त्यानं 'सोपं करू का' विचारत बसू नये.

आपल्या लिपीत हे इंग्रजीहून कठीण आहे, हे मान्य. त्यांची अक्षरं २६. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, वर जोडाक्षरं, म्हणजे घरात बसू शकणारी अक्षरं शेकडो. तीन दिशांनी शब्द जाणारं मधमाशीच्या पोळ्यासारखं कोडं तू पुढे करणार आहेस म्हणतोस. कर, पण प्रत्येक घर तिन्ही दिशांना जुळवायचा हट्ट धरलास तर कोपऱ्याकोपऱ्यात भरतीचे शब्द येतील, आणि तेही कोशात धुंडाळून काढलेले. दाते-कर्व्यांचा शब्दकोश उघडल्याशिवाय जो शब्द कोणाला ठाऊकच नाही, तो आल्याची खात्री सोडवणाऱ्याला कशी पटणार? दोन दिशा पक्क्या ठेव. तिसरी मोजक्याच घरांत येऊ दे.

आणि काकांना सांग, वेगळा आकार हे काही आजचं खूळ नाही. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आलं, ते हिऱ्याच्या आकाराचं होतं आणि मध्ये पोकळ. आपले मोरोपंत त्याच्या कितीतरी आधी बारामतीत बसून निरोष्ठ रामायण रचत होते, पवर्गातलं एकही अक्षर येऊ न देता. ते मोठ्यानं वाचून बघ. ओठाला ओठ लागत नाही. बंधन पाळलंय की नाही हे पंतांना विचारायला जावं लागत नाही, वाचणाऱ्याचे ओठच सांगतात. मला म्हणायचंय ते हेच.

उलट बाजूही बघ. एकेकाळी आपल्या देशात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा सुळसुळाट होता. एका क्लूला दोन-दोन उत्तरं सारखीच बसायची, आणि बरोबर कुठलं? तर आयोजकांनी आधीच पाकिटात बंद करून ठेवलेलं. १९५५ मध्ये अशा स्पर्धांना लगाम घालणारा कायदा झाला, आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसल्या स्पर्धेला सरळ जुगार ठरवलं. मला तो निकाल शब्दकोडं रचणाऱ्यांसाठीच दिल्यासारखा वाटतो. दोन उत्तरं बसणारा क्लू देऊन तू पेन्सिल हातात घेतलेल्या माणसाला जुगार खेळायला लावतोस.

मीही एका साप्ताहिकात कोडी देत असे. काळे चौकोन न घालता, शब्द संपतो तिथे जाड रेघ. संपादकांनी सांगितलं, लोकांना वेळ नाही, छोटे शब्द घाला, आणि वेलांट्यांचं एवढं मनावर घेऊ नका. मी नाही म्हटलं. सदर बंद झालं. दर आठवड्याला पोस्टकार्डावर उत्तरं पाठवणारी माणसं होती, कोणी भोरहून, कोणी जुन्नरहून, ती सगळी पांगली. त्यांची हुरहूर आजही आहे. पण वेलांटी सोडून ते सदर टिकवलं असतं तर त्या माणसांनी पोस्टकार्डावर लिहिलेलं 'आलं!' खोटं ठरलं असतं. त्या नकाराचा मला पश्चात्ताप नाही. तुझी आजी म्हणेल, हट्टी बाई आहे. असू दे.

आता लोकांपर्यंत पोचवायचं कसं. व्हॉट्सॲपवर नुसतं चित्र टाकू नकोस, त्यात लिहिता येत नाही. छापता येईल अशी पीडीएफ कर, घरं बोटभर मोठी ठेव. चौकट नवीन असेल तेव्हा क्लू सरळ ठेव, दोन्हीकडून कोंडी करू नकोस. नियम चार ओळींत सांग, खाली पाच घरांचा सोडवून दाखवलेला तुकडा दे. रसदचाच दे. जोडाक्षर एका घरात, अनुस्वार अक्षरासोबत, हेही लिही, नाहीतर 'पुस्तक' कोणी चार घरांत कोंबेल.

आणि कोणालाही पाठवण्याआधी एका माणसाला समोर बसवून ते सोडवून घे. मित्र नको, मित्र कौतुक करतात. वाचनालयात रोज दुपारी पेपरातलं कोडं सोडवत बसणारे आजोबा असतात, त्यांना गाठ. शेजारी बस आणि तोंड मिटून ठेव. हे तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. ते खोडरबर कुठे उचलतात तेवढं टिपून घे. त्या जागा दुरुस्त कर, बाकीच्यांना हात लावू नकोस, कितीही वेळ लागलेला दिसला तरी. ते रेंगाळले म्हणजे अवघड आहे. अवघड चालतं. त्यांनी बरोबर लिहिलेलं खोडलं, तर चूक तुझी.

पोळ्याचं कोडं दिवाळीआधी झालं तर मला पोस्टानं पाठव, कागदावर. सोबत उत्तरं पाठवू नकोस.

तुझी,
मावशीआजी