दोन पेडल, एकच आकृती?

प्रश्न : मी जत्रांमधल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. ट्यूब स्क्रीमर या, गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलाच्या टीएस८०८ आणि टीएस९ या दोन मॉडेलांच्या सर्किट आकृत्या मला अगदी सारख्या दिसतात. फरक शोधावा कसा? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : त्या जवळजवळ सारख्याच आहेत, त्यामुळे दोष आपल्या नजरेचा नाही. ९ व्होल्टचा पुरवठा आणि पायाने दाबायच्या स्विचचा भाग आधी बाजूला ठेवावा, म्हणजे निम्मी गर्दी कमी होते; मग इनपुटपासून उजवीकडे सिग्नलच्या वाटेवर पेन्सिल फिरवावी. आउटपुटच्या अगदी अलीकडे ती थबकेल, कारण टीएस८०८ मध्ये तिथे १०० ओहम व १० किलोओहमचे रेझिस्टर (रोधक) आहेत, तर टीएस९ मध्ये ४७० ओहम व १०० किलोओहमचे. कानाला हा फरक बेताचाच जाणवतो. त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत, असे आमचे मत आहे.

पेडलाचा खरा स्वभाव त्रिकोणाने दाखवलेल्या ऑप-अँपपाशी, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपपाशी कळतो. या दोन्ही पेडलांत उलटसुलट जोडलेले दोन डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारे भाग) फीडबॅकच्या, म्हणजे ऑप-अँपच्या आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या वाटेत आहेत, म्हणून आवाज मऊपणे फाटतो. एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस या दुसऱ्या पेडलात मात्र डायोड ऑप-अँपनंतर थेट ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेला) जातात आणि सिग्नल कडकपणे छाटतात. ट्यूब स्क्रीमरच्या ऑप-अँपशेजारची ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ही जोडीही पाहावी : तिच्यामुळे सुमारे ७२० हर्ट्झखालच्या स्वरांना कमी गेन (वाढ) मिळतो, आणि जाड तारा गढूळ वाजत नाहीत.